खेचर पलटणीतले खंडूमामा

खंडूमामा म्हशींशी हिंदीत बोलायचे. “चल बेटा, पैर देख के... शाबास, रुक जा,” असं उतारावरून ऐकू आलं की नवखा माणूस वर बघायचा, कुणी फौजी येतोय का म्हणून. येत असायच्या दोन म्हशी, त्यांच्यामागे एक पारडू, आणि सगळ्यांत शेवटी गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात कोपरावर विरलेलं खाकी स्वेटर आणि डोक्याला मुंडासं अशा थाटात खंडूमामा. अठरा वर्षं ते सैन्यात होते. पण हातात बंदूक कमी आणि खेचराची दोरी जास्त. बर्फातल्या ज्या ठाण्यांवर गाडी जात नाही तिथं खेचरांच्या पाठीवरून रेशन, घासलेट आणि औषधं पोचवायची, हे त्यांचं काम. खेचरांना मराठी कळेना म्हणून ते हिंदी शिकले आणि पुढं जनावर दिसलं की तोंडात आपोआप हिंदी यायची.

“मानसाशी मराठी, जनावराशी हिंदी,” ते म्हणायचे, “आन् सायबाशी गप.”

मी मूळचा आंबवड्याकडचा. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक म्हणून गेलो आणि एवढ्या तेवढ्या बदल्या सोडल्या तर तिथंच निवृत्त झालो. गाव खाली, भातखाचरांच्या काठाला. धनगरांची वरची वाडी तासाभराच्या चढावर, नऊ-दहा घरांची. राजगड तिथून इतका जवळ दिसतो की वाटतं, हाक मारली तर बुरुजावरचा माणूस ओ देईल. खंडूमामा त्या वाडीचे. रोज सकाळी दुधाची बरणी घेऊन ते खाली यायचे, आणि त्यांची वेळ एवढी पक्की की शाळेचं घड्याळ बंद पडलं तर मी त्यांना बघून प्रार्थनेची घंटा द्यायचो.

ते नुसते मामा नव्हते, सगळ्या गावाचे मामा होते. त्यांचा भाचा कोंडिबा लहानपणी त्यांच्या मागे “मामा, मामा” करत हिंडायचा, ते ऐकून शाळेतली पोरंही मामा म्हणायला लागली, मग पोरांचे बापही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा त्यांना पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं. गावातला एकुलता एक निवृत्त सैनिक, चार वीरश्रीच्या गोष्टी सांगेल, पोरांच्या अंगावर काटा येईल, असा माझा हिशेब. मामा पदकं लावून आले. उभे राहिले आणि बटाट्यावर बोलायला लागले. थंडीत बटाटा गोठला की दगडासारखा होतो, पोत्यात तो वाजतो, त्या आवाजाला नवं खेचर बुजतं, मग त्याला चुचकारून कसं न्यायचं. पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. शेवटी एका मुलीनं विचारलं, “मामा, तुमी शत्रू किती मारलं?”

“येक बी न्हाई,” मामा म्हणाले.

“मंग लढाईत काय केलं?”

“आटा न्येला. घासलेट न्येलं.” आणि तिच्याकडे वाकून त्यांनी विचारलं, “लढनारा मानूस जेवतो का न्हाई?”

मुलीला ते पटलं. मला पटलं नव्हतं. समोर केंद्रप्रमुख बसले होते आणि माझ्या प्रमुख पाहुण्यांचं भाषण बटाट्यावर झालं होतं, याचीच मला लाज वाटत होती. त्यानंतर मी त्यांना भाषणाला कधी बोलावलं नाही. त्यांनी मनावर घेतलं नाही. पोरांना मात्र ते वाटेत थांबवून खेचरांची नावं सांगत राहिले. दुर्गा, चांदनी, पगली. अठरा वर्षांतल्या प्रत्येक खेचराचं नाव आणि नंबर त्यांना पाठ होता. घरी गेल्यावर आधी म्हशींना पाणी दाखवायचं आणि मगच आपण प्यायचं, हा नेम तर त्यांनी तापातही मोडला नाही.

मतदार यादीच्या कामासाठी एका आषाढात मी वाडीवर गेलो होतो. परतताना ओल्या कातळावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. मामा सोबत होते. त्यांनी घोटा चाचपला, डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं करकचून बांधला, आणि मला म्हणाले, “बसा पाठीवर.” मी तेव्हा चांगला अंगानं भरलेला, ते साठीकडे झुकलेले. मी नको नको म्हणत होतो. “गुरुजी, तुमी दोन पोत्यांच्या आतच हाय,” ते म्हणाले. तो सबंध उतार त्यांनी मला पाठीवर घेऊन उतरला. मध्ये एकदा दम घ्यायला टेकले तेवढंच. खाली आल्यावर गावातल्या चारजणांनी मला खाटेवर घातलं, चहा आला, गाडी आली, आणि त्या गडबडीत त्यांचं मुंडासं माझ्या पायाला तसंच राहिलं. ते भर पावसात उघड्या डोक्यानं वर गेले. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं मी जे वागलो ते वागताना हे मला ठाऊक होतं.

कोंडिबा म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा, भागाबाईंचा, एकुलता एक मुलगा. बाप लहानपणीच गेलेला. बहीण-भावाची घरं एकाच अंगणाच्या दोन बाजूंना. कोंडिबा माझ्या शाळेत चौथीपर्यंत होता. अभ्यासात बेताचा, पण वर्गात कुणाची पाटी फुटली तर आपली देणारा. अंगापिंडानं मामावर गेला होता. मोठा झाल्यावर मामाच त्याला भरतीला घेऊन गेले आणि तो लागला तोही खेचर पलटणीतच. लागल्याचं कळलं त्या दिवशी मामांनी शाळेत पेढे वाटले. भागाबाई मात्र तेव्हाही म्हणाल्या होत्या, “दादा, म्हशी हितं बी हायत की रं राखायला.”

पाचव्या वर्षी कोंडिबा गेला. बर्फावरून घसरून दरीत पडला, एवढंच कळलं. शव गावापर्यंत सैन्याच्या गाडीतून आलं, तिथून वर वाडीच्या लोकांनी खांद्यावरून नेलं. त्या दिवशी गावात एक मोठं लग्न होतं. गाडी वेशीतून जाईपर्यंत बँड थांबला आणि गाडी वळणाआड गेल्यावर पुन्हा सुरू झाला. वर अंत्यविधीला गावातली आम्ही आठ-दहाच माणसं असू.

दिवस झाल्यावर महिन्याभरानं एक पत्र आलं. कोंडिबाच्या साहेबांनी हातानं लिहिलेलं, इंग्रजीत. मामांना हिंदी वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्यांनी मला वर बोलावलं. भागाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, वाडीतली माणसं अंगणात. मामा माझ्यासमोर पत्र धरून म्हणाले, “गुरुजी, समदं वाचा. सायबानं काय काय लिवलंय ते भागीला समदं कळू द्या.”

पत्र चांगलं पानभर होतं. अक्षर तिरपं, एकात एक गुंतलेलं. आणि आता खरं सांगायचं तर मला ते वाचता येईना. माझं इंग्रजी पुस्तकातल्या छापील धड्यांपुरतं. पहिल्या दोन ओळी लागल्या, ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द दिसला, मग सगळं धुरकट. वीस-पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला लागत नाही, उद्या भोरला जाऊन कुणाकडून वाचून आणतो, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी गुरुजी होतो. मी चष्मा सारखा केला, डोळे कागदावरून खालपर्यंत फिरवले आणि म्हणालो, “अपघात झाला, फार वाईट वाटलं, असं लिहिलंय. सांत्वन केलंय.”

“बास?” भागाबाईंनी विचारलं.

“बाकी नेहमीचंच. आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत, असं.”

मामा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच कसं, असं त्यांच्या मनात आलं असेल. पण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. “तुमच्याकडंच ठिवा गुरुजी,” ते म्हणाले, “हितं उंदरं लई.”

मी घडी घालून पत्र पिशवीत टाकलं.

त्याच संध्याकाळी भागाबाई भावाला म्हणाल्या, “तूच न्येलास त्याला. माझं प्वार पाय घसरून वाया गेलं. आता माझ्या दारात येऊ नगंस.” त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं. एकच अंगण, पण मामा कधी त्यांच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. रोज पहाटे झऱ्यावरून एक हंडा पाणी आणून मात्र ते बहिणीच्या ओट्याखाली ठेवायचे. भागाबाई ते पाणी घरात घ्यायच्या नाहीत. म्हशीपुढं ओतायच्या. मी एकदा मामांना म्हणालो, “कशाला एवढा त्रास घेता? त्या पीत नाहीत ते पाणी.”

“म्हस पिती न्हवं?” ते म्हणाले. “म्हस तिचीच हाय.”

पुढं सहा वर्षांनी गावातला आणखी एक जवान सीमेवर गोळी लागून पडला. या वेळी सगळं खोरं लोटलं. झेंडे, फुलं, मोटारी, भाषणं. आणि गावानं स्मारक उभारायचं ठरवलं. ग्रामपंचायतीच्या समोर चौथरा, त्यावर काळा दगड, दगडावर गावातल्या हुतात्म्यांची नावं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. दोन नावं जुनी निघाली. एक परदेशातल्या मोठ्या युद्धात मेलेला, ज्याचं घर अजून गावात आहे. दुसरा आमच्या वाडवडिलांच्या वेळी सीमेवर पडलेला. तिसरा हा नवा. स्मारक समितीचे अध्यक्ष आबा, आमचे माजी सरपंच. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं नेटकं लागायचं.

बैठकीच्या दिवशी खंडूमामा न बोलावता आले आणि दाराशी उभे राहिले. “चौथं नाव ऱ्हायलं,” ते म्हणाले. “कोंडिबा बाबू ढेबे.”

आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, “मामा, पोरगा गेला त्याचं आमास्नी बी वाईट वाटतं. पर ही हुतात्म्यांची यादी हाय. हुतात्मा म्हंजी शत्रूच्या गोळीनं पडल्याला. उद्या कुनी फौजंत आसताना तापानं ग्येला, त्याचं बी नाव लावायचं का?”

“लावायचं की,” मामा म्हणाले. कुणीतरी हसलं.

आबा माझ्याकडे वळले. “गुरुजी, त्याच्या सायबाचं पत्र तुमच्याकडं हाय न्हवं? काय लिवलंय त्यात?”

तेव्हाही वेळ गेली नव्हती. ते पत्र माझ्या शाळेतल्या कपाटात होतं, शंभर पावलांवर. मी म्हणालो, “अपघात असाच शब्द आहे. व्याख्येत बसत नाही तसं.”

कुणाची व्याख्या, कुठली व्याख्या, मला स्वतःला माहीत नव्हतं. पण तो शब्द सभेत चांगला वाटला. दोघातिघांनी मान डोलावली.

मामांनी माझ्याकडे बघितलं. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, “गुरुजी, अपघात झाला तवा त्यो रेशन कुनाला न्येत हुता?”

मी यादीच्या कागदावर डोळे लावले. मामा थोडा वेळ वाट बघत उभे राहिले, मग पायांत चपला सरकवून निघून गेले. दगडावर तीन नावं कोरली गेली. मागच्या बाजूला देणगीदारांची नावं आली, ती तीनपेक्षा पुष्कळ जास्त होती. त्यांचीही यादी मीच केली आणि त्यात एक नाव राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी पाथरवटाला परत बोलावून ते घालूनही घेतलं.

दोन दिवसांनी वाटेत भेटले तेव्हा मामांनी मला थांबवलं. मी मनात उत्तरं तयार करत होतो. ते म्हणाले, “माझ्यासाठी म्हनत न्हवतो, गुरुजी. भागी म्हनती, माझं प्वार वाया ग्येलं. म्या तिला म्हनून काय उपेग, म्याच त्याला न्येला. पर गावानं दगडावर लिवलं आसतं तर तिला कळलं आसतं, वाया न्हाई ग्येलं म्हनून.” एवढं बोलून ते म्हशीला म्हणाले, “चल बेटा.”

पहिल्या सव्वीस जानेवारीला स्मारकासमोर कार्यक्रम झाला. मी माईकवरून एकेक नाव घ्यायचो आणि लोक “अमर रहे” म्हणायचे. तिसरं नाव झालं. “अमर रहे” विरलं. आणि गर्दीच्या मागून, कडक, हजेरी दिल्यासारखा आवाज आला:

“सिपाही कोंडिबा बाबू ढेबे, वरची वाडी!”

लोकांनी माना वळवल्या. पाठीमागे मामा पदकं लावून ताठ उभे होते. “अमर रहे” कुणी म्हणालं नाही. मी घाईनं पुढचा कार्यक्रम पुकारला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी तालुक्याहून पाहुणे यायचे होते. आबा मला आदल्या दिवशी म्हणाले, “मामांचं तेवढं बघा गुरुजी. पाव्हन्यांसमोर शोभा नगं.” मी मामांशी बोलायला वर गेलो नाही. माझ्यात तेवढा दम नव्हता. मी साउंडवाल्याला सांगून ठेवलं, “तिसरं नाव झालं की लगेच गाणं लाव. मोठ्यानं.”

त्यानं लावलं. माईकपाशी उभ्या असलेल्या मला सगळ्या डोक्यांवरून मामा दिसत होते. त्यांचे ओठ हलले. गळ्याची शीर फुगलेली दिसली. आवाज गाण्यात कुठच्या कुठं गेला. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. मग तोंड मिटलं आणि गाणं संपेपर्यंत ते सावधानमध्येच उभे राहिले.

नंतर जिलेबी वाटताना ते माझ्यापाशी आले. म्हणाले, “गुरुजी, आवाज लई मोठा हुता आज. बारक्या पोरांचं कान दुखत्याल.” मी “हो, सांगतो त्याला” म्हणालो. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर ते सव्वीस जानेवारीला खाली आले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

निवृत्त झाल्यावर मी भोरला, बायको-मुलगी आधीपासून राहत होत्या तिथं, कायमचा राहायला आलो. शाळेतलं माझं कपाट रिकामं केलं त्यातले कागद एका पेटीत होते. एका रविवारी माझी मुलगी ते आवरत होती. ती कॉलेजात शिकवते. तिच्या हाती ते पत्र आलं. ती उभ्यानंच वाचायला लागली आणि वाचता वाचता खाली बसली. “बाबा, हे कुणाचं?” मी म्हणालो, “आहे एक जुनं, अपघाताचं.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत गेली.

त्या दिवशी सकाळची फेरी करून खेचरं परत आली होती. मग वरच्या ठाण्यावरून निरोप आला की एका जवानाला श्वास लागलाय, औषध आणि घासलेट संपलंय. बर्फ सुरू झालं होतं. साहेबांनी कुणालाच हुकूम केला नाही. कोंडिबानं आपण होऊन आपलं खेचर पुन्हा लादलं. वरच्या वळणावर त्याचा पाय गेला. त्याच्या मागून येणाऱ्या जोडीदारानं सगळं पाहिलं. दोरी कोंडिबाच्या हातात होती. ती धरून ठेवली असती तर कदाचित तो वाचला असता, कदाचित जनावरही ओझ्यासकट खाली गेलं असतं. त्यानं दोरी सोडली. खेचर जागेवर उभं राहिलं. जोडीदारानं ते वर नेलं, औषध पोचलं आणि तो आजारी जवान वाचला. साहेबांनी लिहिलं होतं की असा अपघात मी आजवर पाहिला नाही. आणि शेवटची ओळ होती: ‘ही हकीकत त्याच्या आईला सगळीच्या सगळी वाचून दाखवावी, ही विनंती.’

मुलगी म्हणाली, “बाबा, वाचून दाखवली ना?”

मी म्हणालो, “आता दाखवतो.”

आणि तरीही मी गेलो नाही. दिवाळी होऊ दे, म्हणालो. मग थंडी ओसरू दे, म्हणालो. चढाचं निमित्त, गुडघ्याचं निमित्त. रोज सकाळी उठून ठरवायचं आणि दुपारपर्यंत एखादं काम काढायचं. वर गेलो तर नुसतं पत्र वाचून भागलं नसतं. तेव्हा का वाचलं नाही, हे सांगावं लागलं असतं, मामांसमोर. पेटीत ते पत्र सगळ्यांत वर ठेवलं होतं, विसरायला नको म्हणून. मी पेटीच उघडेनासा झालो.

फाल्गुनात शाळेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. खंडूमामा गेले. छातीचं दुखणं होतं, अंगावर काढलं. आदल्या दिवशीपर्यंत झऱ्यावर जात होते.

दिवस झाल्यावर मी वर गेलो. मुलगी सोबत होती, नाहीतर तेव्हाही वाटेतून परतलो असतो. भागाबाई त्याच उंबऱ्यात बसल्या होत्या, खूप वाकलेल्या. अंगणापलीकडचं दार बंद होतं. मी खाली बसलो आणि आधी सांगितलं, “मावशी, मला तेव्हा हे पत्र वाचता आलं नव्हतं. मी खोटं बोललो.” मग मुलीनं सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

दोरी सोडल्याचं आलं तिथं भागाबाईंचा हात नुसता मुठीसारखा आवळला आणि सुटला. संपल्यावर बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दादाला ठावं हुतं का ह्ये?”

“नाही,” मी म्हणालो.

“अकरा वरसं त्यानं पानी ठिवलं माझ्या दारात. म्या त्वांडाला लावलं न्हाई.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. “मंग आता म्या येकलीनं ह्ये ऐकून काय करू, गुरुजी?”

त्यांनी आम्हाला चहा केला. तो मला प्यावा लागला.

गावात आता नवी सरपंच आहे, तरणी बाई आहे, शिकलेली. तिनं पत्र स्वतः वाचलं, आबांच्या घरी जाऊन त्यांनाही वाचून दाखवलं, आणि चौथं नाव कोरून घेतलं. जागा पुरेना म्हणून अक्षरं जरा बारीक आहेत. त्या दिवशी कार्यक्रम झाला. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, “माझी चूक झाली.” सरळ, माईकवर. मग गावानं मला पुढं बोलावलं आणि शाल, श्रीफळ दिलं, कारण एवढी वर्षं ते पत्र मी जपून ठेवलं. मला तेव्हा माईक हातात मिळाला होता. मी “आभारी आहे” म्हणालो आणि खाली बसलो. भागाबाई आल्या नव्हत्या. शाल अजून प्लास्टिकमध्ये आहे.

मामा गेल्याचा फोन आला त्याच्या पंधराएक दिवस आधी मी त्यांना पाहिलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही.

पुण्याला एका लग्नाला निघालो होतो. नवी गाडी, मी चालवत होतो, शेजारी बायको, मागे एकटे मेहुणे बसलेले. कापूरहोळच्या फाट्यावर ट्रकमुळे गाडी हळू झाली आणि डाव्या हाताला, गॅरेजच्या समोर, एसटीची वाट बघत मामा उभे दिसले. उन्हात. काखेत एक्स-रेची मोठी पिवळी पिशवी. म्हणजे भोरच्या दवाखान्यात येऊन गेले होते, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि माझ्याकडे आले नव्हते. आता इथून नसरापूर फाट्याला जाऊन वेल्ह्याची गाडी धरायची. आम्ही त्याच रस्त्यानं चाललो होतो. दहा मिनिटांचा रस्ता. मागे जागा होती.

त्यांनी मला ओळखलं. चेहरा उजळला आणि उजवा हात वर गेला. गाडी थांबवायला नव्हे, ते तसं कुणाला थांबवायचे नाहीत. नुसता रामराम घालायला.

दहा मिनिटं त्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि पत्राबद्दल बोलायचं नाही, हे मला जमलं नसतं. बोलायचं तर मेहुण्यांसमोर. मी समोरचा मोबाईल उचलून कानाला लावला आणि मान दुसरीकडे वळवली. मोबाईलवर कुणीही नव्हतं. बायकोनं विचारलं, “कोण होते हो ते? हात करत होते.”

“असेल कुणी पालक,” मी म्हणालो.

ट्रक सरकला. मी गाडी पुढं काढली. आरशात बघितलं तर ते एक पाऊल रस्त्यावर उतरले होते. मला दिसलं नसेल असं वाटून त्यांनी हात आणखी उंच केला होता.